टिंबाआधीची तिरकी रेघ

नवरा-बायकोने एकमेकांचं काम तपासू नये, एवढी साधी अक्कल त्या कंपनीत कुणाला नव्हती. एकाने कोड लिहायचा, दुसऱ्याने तपासून हिरवी खूण द्यायची, की झाला कोड चालू. माणसं मोजकी, त्यामुळे नवऱ्याचा कोड बहुतेक वेळा बायकोच्याच वाट्याला यायचा. ऑफिसात तो तिला सगळ्यांसारखं 'मॅडम' म्हणायचा. सुरुवातीला तिला त्याचं हसू यायचं.

कंपनी दातांच्या दवाखान्यांचे एक्स-रे सांभाळायची. दवाखान्यातल्या बाईने '12.*' असं लिहिलं, की बारा नंबरच्या पेशंटच्या फायली पुसायच्या. चांदणी म्हणजे पुढे काहीही असो, हे तिला ठाऊक. पण आतल्या प्रोग्रामला ही भाषा कळत नाही, त्याला रेगेक्स ही खुणांची वेगळी भाषा लागते, आणि तिथे चांदणीचा अर्थ वेगळा, टिंबाचाही वेगळा. तिथलं टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर किंवा आकडा. टिंबाला टिंबच ठेवायचं तर त्याच्याआधी तिरकी रेघ मारावी लागते. एका भाषेतून दुसरीत नेणारा हा कोड नवऱ्याने लिहिला. चांदणी त्याने बरोबर बदलली. टिंबाला हातच लावला नाही.

बायकोच्या ते लगेच लक्षात आलं होतं. सकाळी डबे भरताना ती म्हणाली, "टिंबाचं राहिलंय. बाराबरोबर एकशेवीसपण जाईल."

"उद्या करतो गं. साहेब डोक्यावर बसलाय, आज देऊन टाक ना."

परक्याचा कोड असता तर तिने तो तोंडावर फेकला असता. हा घरचा पडला. तिने डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि फोनवर हिरवी खूण दिली.

तो उद्या काही उगवला नाही. एका दवाखान्याने बारा नंबर पुसला आणि बाराने सुरू होणारे सगळेच पेशंट गेले, जुन्या प्रतींसकट. त्यातल्या एका म्हातारबाबांच्या जबड्याचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं.

साहेबांनी दोघांना समोर बसवलं. "हे पुढे गेलंच कसं?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. 'घाई मी केली' एवढंच त्याने म्हणायचं होतं. दोघांची खरडपट्टी निघाली असती, पण तिची नोकरी वाचली असती.

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "लिहिलं मी, सर. पण मॅडमनी तपासून पास केलं होतं."

मॅडमना त्याच दिवशी घरचा रस्ता दाखवला. घरी आल्यावर तो समजूत घालायला लागला, "एकाची तरी राहिली ना. दोघांची गेली असती तर काय केलं असतं, तूच सांग." माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. हा नुसता भित्रा निघाला, आणि भित्र्याशी भांडायचं तरी काय.

पुढच्या आठवड्यात तोच कोड नव्याने लिहून त्याने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "अगं, एकदा नजर टाक ना. तुला जे दिसतं ते तिथे कुणालाच दिसत नाही."

तिने नजर टाकली. टिंबाआधी तिरकी रेघ होती, अगदी ठसठशीत. पण या खेपेस त्याच्याकडून 'नंबर इथूनच सुरू' असं प्रोग्रामला बजावणारी खूणच गळाली होती. आता बारा म्हटलं की तीनशे बाराही जाणार. दुरुस्ती एका अक्षराची होती.

"तुमच्या मॅडमना दाखव," ती म्हणाली, आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली.