डेल्फियाने दिलेली ओळ

या, सरकून बसा जवळ. केंटकीच्या डोंगरातली गोष्ट आहे. पोट नाही भरणार, पण ऊर भरून येईल.

“क्लेल, हे वाच!” डेल्फिया स्टॅम्परने दंतवैद्याकडून मागून आणलेलं मासिक संपादकाच्या टेबलावर आपटलं. “हा माणूस मोटारींच्या शर्यतीची बातमी आणायला गेला. तिथे घाबरला, रस्ता चुकला, आणि तेच लिहिलंय! पहिल्या शब्दापासून ‘मी’!”

क्लेलने चष्मा कपाळावर चढवला. “आणि शर्यत कोण जिंकलं?”

“ते नाही लिहिलं.”

“मग बातमी कसली, बाई! आपल्या साप्ताहिकात ‘मी’ फक्त छोट्या जाहिरातीत येतो. ‘माझं खेचर हरवलं आहे.’”

डेल्फिया हसली. केस पिकेपर्यंत तिने खोऱ्यातली लग्नं, मरणं आणि चर्चच्या सभा लिहिल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी ती हजर. बातमीत मात्र कुठेच नाही. एकदा तरी त्या माणसासारखं लिहून बघायचं, हे तिच्या मनाने घेतलं.

ऑगस्टात आमच्या चर्चमध्ये स्तोत्राची ओळ देणाऱ्या बंधू ईरांच्या बायकोची, ओव्हेलाची, स्मरणसभा आली. आमच्या चर्चला ना वाद्य, ना पुढ्यात पुस्तक. एकाने ओळ भराभर म्हणून द्यायची आणि साऱ्या मेळ्याने ती लांबवून, घोळवून गायची. ओळ द्यायची पुरुषाने. बायकांनी आपल्या बाकावरून मागे म्हणायचं. बंधू ईरांनी ओळ दिली की दगडालाही पाझर फुटावा, असा तो गळा.

तिसऱ्या कडव्याला तो गळा थांबला. ओठ हलले, शब्द येईना. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. बायकोच्या स्मरणसभेत नवऱ्याच्या तोंडची ओळ कोण काढून घेणार? बाहेर झाडावरचे किडे तेवढे किरकिरत होते.

बायकांच्या बाकावरून आवाज आला, “पल्याडच्या तीराला माझ्यासाठी दिवा आहे...”

पेन्सिल हातातच होती. डेल्फियालाच आपला आवाज परका वाटला. मग मेळ्याने ओळ उचलली, आणि शेवटच्या शब्दाला बंधू ईरांचा गळाही त्यात येऊन मिळाला.

नंतर झाडाखाली जेवणं झाली. मक्याची भाकरी मोडत म्हातारी झेटी म्हणाली, “पेन्सिल घेऊन चर्चमध्ये शिरलीस, तेव्हाच वाटलं, ही काहीतरी करणार!”

“आता बायका ओळी देणार,” कुणी कुरकुरला, “मग आम्ही भांडी घासायची का?”

“घास की! हात झडतात का?” झेटीने सुनावलं.

सोमवारी क्लेलने मजकूर वाचला. “डेल्फिया, ‘एका महिलेने ओळ दिली’ असं लिही. सगळ्यांना कळेलच.”

“त्या महिलेला आपलाच आवाज परका वाटला, हे कोण सांगणार? क्लेल, स्तोत्रात ‘माझा दिवा’, ‘माझा तीर’ असं सगळा मेळा गातो. कुणी म्हणतं का, मिरवतोय म्हणून?”

क्लेलने कागद परत तिच्या हातात दिला. “बंधू ईरांच्या दुःखाची गोष्ट आहे. ते हो म्हणाले तर छापतो.”

डेल्फियाने बंधू ईरांच्या ओसरीवर बसून त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

“‘कंठ दाटून आला’ लिहिलंयस,” ते म्हणाले. “दाटला नव्हता गं पोरी. पार गेला होता. तसं लिही. आणि तुझा ‘मी’ आहे तसा राहू दे.”

छापून आलं. पहिला शब्द ‘मी’. खोऱ्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. झेटीने कात्री घेऊन ते कापलं आणि आपल्या बायबलमध्ये ठेवलं.

त्या हिवाळ्यात बंधू ईरा गेले. पुढच्या ऑगस्टात त्यांची स्मरणसभा भरली, तेच स्तोत्र लागलं. तिसऱ्या कडव्याशी ओळ देणारा थांबला. त्याचा गळा शाबूत होता. त्याने फक्त मान वळवून बायकांच्या बाकाकडे पाहिलं. मग सगळ्याच पुरुषांनी पाहिलं, आणि वाट बघत राहिले.

पेन्सिल बाकावर ठेवून डेल्फिया उभी राहिली आणि तिने ओळ दिली.

बाबांनो, कधी देवाचं नाव घेताना तुमचाही गळा जाईल, आणि शेजारचं कुणी पुढची ओळ देईल. तेव्हा आमच्या बंधू ईरांची आठवण करा.