भिंतीला जखडलेली रिंग

साहेब, मला भिंतीला तारेने आवळायचा हुकूम तुमचाच होता. आता कानांवर हात ठेवू नका.

मित्रांनो, मी एक जुनी रिंग आहे. बुडणाऱ्याकडे फेकतात ती. कारखान्यात माझ्या पोटात फोम भरला, कडेने दोर ओवला आणि मुकादमाने मला टाकीत आपटून पाहिलं. "तरंगते. जा, कुणाला तरी घरी पोचव," म्हणाला.

तलावावरचे सुरुवातीचे दिवस मानाचे होते. पोहायला शिकवणाऱ्या बाई सगळ्यांकडून मला फेकायचा सराव करून घेत. रिंग डोक्यात मारायची नाही, माणसाच्या पलीकडे टाकायची आणि दोराने त्याच्यापर्यंत ओढत आणायची. बाई निवृत्त झाल्या, सराव बंद पडला. पोरं माझ्यावर बसून डुंबू लागली, तेव्हा तलावाचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी मला भिंतीला जखडलं. वर रंगाचे दोन हात मारले. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत.

मग ती सकाळ उजाडली. दोन जावा पोहायला आल्या. थोरली उथळ पाण्यात कठडा धरून उभी. धाकटी काठावरून चिडवत होती, "जाऊबाई, पाणी कमरेला आणि चेहरा बघा, जसं काही समुद्रात ढकललंय." थोरली हसली आणि कठडा सोडून मागे सरकली. तळ तिथे एकदम उतरतो. हसू तोंडातच राहिलं आणि तोंड पाण्याखाली गेलं.

जीवरक्षक नवा होता. मी बांधलेली आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो धावत आला, मला ओढलं, पुन्हा ओढलं. तार त्याच्या बोटात रुतली. "पक्कड आणा कुणीतरी." पक्कड कुठे असते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तरंगायला जन्मले, आणि भिंतीवरून थोरलीचे हात बघत राहिले. आधी दोन दिसत होते, मग एकच.

त्याने रिकाम्या हातांनी उडी घेतली. घाबरलेल्या थोरलीने त्याच्या गळ्याला मिठी मारली. दोघंही खाली. धाकटीने पालापाचोळा काढायच्या जाळीची लांब काठी ओढली, काठावर पालथी पडली आणि काठी पाण्यात खुपसली. काठीला हिसका बसला.

काठी धरून दोघं काठाला लागली. थोरली वाचली, जीवरक्षकही. दवाखान्याच्या गाडीत चढतानाही तिने धाकटीचं मनगट सोडलं नाही.

वाचली ना, मग बोभाटा कशाला, असं साहेब म्हणाले. तार काढली. मला वाटलं, सुटले. कसली सुटते! मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात, खणाची किल्ली त्यांच्या खिशात, आणि साहेब रोज दुपारी घरी जेवायला जातात.

मित्रांनो, तलावावर गेलात की कपडे बदलण्याआधी रिंग ओढून बघा. हातात आली नाही तर पाण्यात उतरू नका.

आणि साहेब, उद्या दुपारी कुणी बुडू लागलं, तर त्याने तुमचं जेवण होईपर्यंत थांबायचं का? उत्तर द्या.