उपग्रह-शांती

आमच्या ह्यांनी, म्हणजे देवासच्या चिंतामणीशास्त्र्यांनी, याआधी आकाशाकडे मान वर करून पाहिलं असेल तर ते संक्रांतीला, कुणाचा पतंग कटला म्हणून. पत्रिकेला आकाश लागत नाही, पंचांग लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते मोबाईल घेऊन रोज गच्चीवर चढायला लागले तेव्हा शेजारीपाजारी कौतुकानं बघत. मी बघत नव्हते.

ते ॲप घरात आणलं मीच. मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलींना शनी दाखवायचा होता. मोबाईल आकाशाकडे धरला की त्या दिशेला कोणता तारा, कोणता ग्रह, कोणता उपग्रह आहे ते नावानिशी दिसतं. ह्यांनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"ही एवढी गर्दी कुणाची?"

"माणसांनी सोडलेले उपग्रह. त्यातले कितीतरी बंद पडलेत, तरी फिरतात."

"म्हणजे मेलेले, आणि तरी फिरतात!" असं म्हणताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात ॲप धंद्याला लागलं. मुलीचं लग्न जमत नाही म्हणून कुणी आलं की हे मोबाईल छताकडे धरायचे आणि सुस्कारा सोडायचे. एकदा हात खाली गेला तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचे उपग्रह फरशीखाली दिसले. "पाताळातही आहेत," हे म्हणाले. समोरच्या माणसानं पाय उचलून खुर्चीवर घेतले.

काही नावांपुढे आर-बी अशी अक्षरं असतात. मी सांगितलं, रॉकेट बॉडी, रॉकेटचा रिकामा सांगाडा. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या देखत एका यजमानाला सांगितलं, "आर-बी म्हणजे राहू-बाधा. आता परदेशातले लोकसुद्धा मानायला लागले."

मग धारचे उदाजीराव आले. त्यांचे पणजोबा तिथल्या दरबारात मानकरी होते. उदाजीरावांची टाइल्सची एजन्सी आहे, पण मिशी अजून घोड्यावर बसलेली आहे. मुलगा संग्राम पीथमपुरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. त्याचं प्रमोशन अडलेलं. संग्राम उशिरा उठतो आणि शिफ्टची बस चुकवतो, हे सगळ्या धारला ठाऊक होतं. पण एवढ्या मोठ्या घराण्याला एवढं साधं कारण शोभत नाही. ह्यांनी त्यांच्या गच्चीवर जाऊन मोबाईल वर धरला. नेमका एक सांगाडा डोक्यावरून चालला होता.

"बरोब्बर तुमच्या छतावर," हे म्हणाले.

शांतीचा दिवस ठरला. उदाजीरावांच्या पत्नीनं मलाही जेवायला बोलावलं होतं, म्हणून मी गेले. संध्याकाळी गच्चीवर पूजा मांडली. नऊ ग्रहांना नऊ धान्यं असतात. ह्यांनी दहावी वाटी ठेवली, सोयाबीनची.

"सोयाबीन का?" मी हळूच विचारलं.

"उपग्रहही शास्त्रात नाही, सोयाबीनही नाही. जमतंय."

माझे वडीलही पूजा सांगायचे. मंत्र चुकला तर ते पुन्हा पहिल्यापासून म्हणत. इथे हे मंत्रात 'आर-बी' घालून म्हणत होते, आणि उदाजीराव सोवळं नेसून, डोळे मिटून, त्याच्यावर पळीपळीनं पाणी सोडत होते. माझा जीव शरमेनं अर्धा झाला.

आरती संपली. उदाजीरावांनीही ते ॲप घेऊन ठेवलं होतं. त्यांनी मोबाईल वर धरला आणि ओरडले, "शास्त्रीबुवा, ये तो फिर आ गया! आर-बी!"

ह्यांनी चष्मा सरळ केला. "हा तो नव्हे. हा त्याचा भाऊबंद."

मला हसू आवरलं नाही. उदाजीराव माझ्याकडे वळले. "वहिनी, यात हसण्यासारखं काय झालं?"

"सरला, नैवेद्याचं बघ," हे म्हणाले.

"नैवेद्य झाला," मी म्हटलं. "उदाजीराव, तो रॉकेटचा रिकामा डबा आहे. असे शेकडो फिरतात. तुमच्यावरून जातो तसा सगळ्या माळव्यावरून जातो. त्याला ना तुमचं घर माहीत, ना संग्रामचा कारखाना."

मला वाटलं, आता ते ह्यांची गचांडी धरतील. मनातून मला ते चाललंही असतं. पण उदाजीराव विचारात पडले.

"सगळ्यांवरून जातो?"

"सगळ्यांवरून."

"देवासच्या मानाजीवरूनही?" मानाजी त्यांचे चुलतभाऊ. थोरल्या-धाकट्याच्या मानावरून दोघांत बोलणं बंद आहे.

"तुम्ही पाणी पिऊन भांडं खाली ठेवाल, तेवढ्यात मानाजीरावांच्या डोक्यावर."

"आणि हमारे ड्रायव्हर के घर पे?"

"त्याच्यावरूनही. आमच्या शाळेच्या संडासावरूनही."

उदाजीरावांचा चेहरा उतरला. फसवणुकीचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. ह्यांच्याकडे वळून ते दुखावल्या सुरात म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही तर म्हणाला होता खास आमच्यावर आहे. ड्रायव्हरला जी बाधा आहे तिच्यासाठी मी सोवळं नेसून बसलो?"

हे सोयाबीनची वाटी उचलून पिशवीत भरायला लागले.

उदाजीराव खाली जाऊन कपडे बदलून आले. जेवण मात्र मानानं वाढलं गेलं. घराणं जुनं आहे. निघताना त्यांनी मला साडी दिली आणि ह्यांना नुसता नमस्कार केला.

इंदूरच्या बसमध्ये हे खिडकीकडे तोंड करून बसले. तसेच म्हणाले, "घरी सांगायचं होतंस."

"घरी सांगितलं होतं. तुम्ही राहू-बाधा केलीत."

"चारचौघांत नवऱ्याची अब्रू घालवलीस."

"मी कुठे घालवली? मी खरं बोलले आणि त्याकडे कुणी लक्षही दिलं नाही. उदाजीराव ड्रायव्हरवरून रुसले."

तेच तर मला जास्त लागलं होतं. इतकी वर्षं मुलींना सांगत आले, खरं सांगितलं की माणसं शहाणी होतात. आणि त्या गच्चीवर खऱ्याला आत घेतलं ते मिशीच्या ताठ्यानं, ड्रायव्हरशी बरोबरी नको म्हणून. इंदूरला बस बदलली तेव्हा मी दुसऱ्या बाकावर एका म्हातारीशेजारी जाऊन बसले. तिनं मला चणे दिले.

उपग्रह-शांती बंद झाली नाही. ह्यांनी फक्त सुधारणा केली. आता यजमानाचं घराणं आधी विचारतात. साध्या माणसाला सांगतात, ही बाधा सगळ्यांवर असते, घाबरू नका. मोठ्या घरच्याला सांगतात, हा खास जातीचा सांगाडा आहे, निवडक छतांवरच थांबतो. मोठ्या घरची माणसं खूश होऊन पूजा मांडतात. हे मला बरोबर चल म्हणत नाहीत, आणि म्हटलं तरी मी जाणार नाही.