देवाची फळी

बांधकामाला लाकूड आणायचं तर आमच्या घरात हिशेबापेक्षा एक फळी जास्त आणतात. ती देवाची. कामाला लावायची नाही, शेवटी देवळात नेऊन द्यायची. सासूबाई म्हणायच्या, पुरतं-पुरतं आणलं की कमी पडलेलं लाकूड स्वतःच मागून घेतं.

आमच्या ह्यांना हे थोतांड वाटायचं. रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर लाकडाचा अंदाज काढलेला माणूस! अपघातातून आमचा मुलगा हृषीकेश वाचला, अजून दवाखान्यात होता, पण जिना चढणं आता जमणार नव्हतं. म्हणून त्याच्यासाठी अंगणात लाकडाची खोली बांधायची ठरली. ह्यांनी भिंती, दार, छत, कापण्यात वाया जाणारं, सगळं धरलं. "आणि देवाची?" मी विचारलं. "देवाला काय खोली हवीय?" म्हणाले. अस्सा राग आला मला!

दाराशेजारी एक उभी फळी कमी पडली. हे खंडेराव गेटजवळच्या वखारीतून घेऊन आले. ती ठोकली, तर तिच्या शेजारी तेवढीच फट. पुन्हा आणली, पुन्हा फट. सुतार म्हणाला, "बाबूजी, नाप तो आपने ही लिया था।" आणि फट दिसली की दवाखान्यातून फोन यायचाच. हृषीकेशला ताप चढलाय, आज सोडत नाही.

मी रडले, भांडले. शेवटी हे मुकाट्याने देवाची फळी घेऊन आले. सकाळी बघतो तर तीही, कुणी हात न लावता, भिंतीत ठोकलेली, आणि फट होती तिथेच. सुतार त्यानंतर फिरकला नाही.

त्या संध्याकाळी हे टेप न घेताच गेले आणि फटीला पाठ लावून उभे राहिले. डोक्यापासून टाचेपर्यंत तंतोतंत.

"अगं, हिशेब माझा चुकला," म्हणाले. "पोराला कशाला त्रास?"

"आधी इकडे या!" मी ओरडले. ते आले, पोटभर जेवले, अंगणातल्या खुर्चीत जाऊन बसले.

सकाळी भिंत भरलेली होती. हे खुर्चीतच गेले होते. तेवढ्यात फोन आला, ताप उतरलाय, मुलाला घेऊन जा.

हृषीकेश आता त्याच खोलीत झोपतो. परवा म्हणाला, "आई, दाराजवळची ही फळी गरम का असते गं? बाकी सब तर ठंडी आहेत."

मला रडू आवरेना. म्हटलं, "तिलाच टेकून झोपत जा, बाळा."