मी ॲडजस्ट, मुक्काम बंगळूर

मित्रांनो, मी एक जुना, बोलून बोलून झिजलेला इंग्रजी शब्द आहे. माझं नाव ॲडजस्ट. तरुणपणी मी फक्त यंत्रांची कामं करायचो. शिलाई मशीनचा दोरा तुटू लागला की कारागीर माझं नाव घेऊन स्क्रू पाव आटा फिरवी, की टाका सरळ. पुढे बंगळूरला आलो आणि माणसांत पडलो. इथे "स्वल्प ॲडजस्ट माडी", म्हणजे कानडीत 'थोडं ॲडजस्ट करा', म्हटलं की लोक हसत जागा देतात. मी एका रिक्षात नऊ माणसं बसवली आहेत, दहावी शेळी. खोटं वाटत असेल तर शेळीला विचारा.

कौतुक फार झालं. मग कोरमंगलाच्या एका पीजीत माझी नेमणूक झाली.

नागपूरची मुग्धा तिथे दोघींच्या खोलीत राहायची. खिडकीजवळची खाट तिची. तिसरी मुलगी आली तेव्हा मालक, निपाणीचे हयवदन अण्णा म्हणाले, "स्वल्प ॲडजस्ट माडी, अम्मा. तू तर घरचीच." मुग्धा दाराशी सरकली. चौथी आली, तशी तिची खाट बाहेर बोळात गेली, धुण्याच्या मशीनशेजारी. तिथली रीतच तशी. नवीला जागा, जुनीला मी.

मुग्धाची नोकरी सुटली होती. नव्या नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर, मंगळवारी अकराला. "अण्णा, तासभर खोली हवी," तिने आठवडाभर आधी सांगितलं. अण्णा "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाले. मंगळवारी अकराला पाचवी खाट दारात अडकली होती.

"आता आत जायला वाट नाही बघ. इथंच बोल की. ॲडजस्ट."

मशीन कपडे पिळू लागलं. मुग्धा एक कान दाबून बोलत राहिली. समोरचे साहेब तीनदा म्हणाले, ऐकू येत नाही. शेवटी म्हणाले, "वरची जागा नाही जमणार. एक पायरी खालची घ्या. ॲडजस्ट कराल ना?"

सहा वर्षांचा अनुभव तिच्या घशाशी आला होता, पण जिभेवर मी होतो. मी टाळूला चिकटलो, दातांत पाय रोवले. पण शब्दाचं काय चालतं, मित्रांनो? ढकलतील तिकडे जायचं.

"हो सर," ती म्हणाली, "करीन ॲडजस्ट."

मला टाकून द्या असं मी म्हणत नाही. फक्त कुणापुढे मला धरण्याआधी बघा, ते माणूस आजवर किती सरकलंय. मुग्धाच्या खाटेमागे आता फक्त जिना उरलाय.