ओठांतले खिळे

ओठांत खिळे. घोड्याच्या नालांना असतात तसे, डोकी बाहेर.

टेबलावर काचेचा संत. डावं पाऊल नाही.

खिडकीत दुधाची बाटली. दूध प्यायलं की शिसं बाधत नाही, असं जर्मनीतल्या ल्युबेकच्या या कारखान्यात अजूनही मानतात.

कोपराच्या आतल्या बाजूला सकाळी रक्त घेतल्याचा कापसाचा बोळा.

हे सगळं वीब्केचं. रंगीत काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून ती चर्चच्या जुन्या खिडक्या दुरुस्त करते. दर तिमाहीला तिचं रक्त तपासतात. मागच्या दोन्ही वेळा रक्तात शिसं वाढलेलं निघालं. आज तिसरा निकाल. पुन्हा वाढलं असेल तर शिशाचं काम बंद आणि ही खिडकी दुसऱ्याच्या हाती.

डॉक्टर ब्रून्स स्वतःच कारखान्यात आल्या.

"वाढलंय," त्या म्हणाल्या. "हात धुतेस?"

"सालपटं निघेपर्यंत."

"मास्क?"

"म्हणाल तर झोपतानाही लावीन."

"इथे बसून खातेस?"

"उस्ताद खाऊ देतायत होय!"

"बरं, काम कर. बघू दे मला."

वीब्केने काच पट्टीत सरकवली, हलू नये म्हणून पट्टीला टेकवून खिळा ठोकला. पुढचा तुकडा लावायला तो उपटला आणि ओठांत धरला.

"थांब! आत्ता कुठे होता तो खिळा?"

वीब्केने खिळे तळहातावर काढले. टोकांना शिशाची करडी पूड होती.

"दोन्ही हात कामात असतात, डॉक्टरबाई," म्हातारे उस्ताद हिन्नेर्क म्हणाले. "मीच शिकवलंय तिला. माझ्या वडिलांनी जन्मभर तोंडातच धरले."

"कशाने गेले ते?"

"सायकलवरून पडून. शिशाने नव्हे."

"मनगटात जोर होता? शिशाने मनगटं लुळी पडतात."

"शेवटी शेवटी कॉफीचा कप मीच धरायचो."

"मनगटाला लोहचुंबक बांधा, खिळे त्याला चिकटवा. आणि बाही वर करा, तुमचंही रक्त घेते."

"कारण कळलं ना आता?" वीब्के म्हणाली. "मग कामाला बसू द्या मला. पाऊल तेवढं राहिलंय."

"कारण कळलं म्हणून रक्तातलं शिसं उतरत नाही, बाई. आकडा खाली येईपर्यंत हात लावायचा नाही."

"टेबल तुझंच राहील, पोरी," उस्ताद म्हणाले. "संत काही थांबायचा नाही, ईस्टरला चर्चमध्ये बसवायचाय."

वीब्केने एप्रन काढला आणि ती आराखड्यांच्या खोलीत गेली; तिथे फक्त कागद होते.

तिचा आकडा जूनमध्ये खाली आला. खिडकी एप्रिलमध्ये, ईस्टरलाच, दुसऱ्याच्या हातून बसवून झाली होती.