बाबांची खोटी काडतुसं

मोंटानातल्या त्या खोऱ्यात ऑर्व्हल हाल्व्हर्सन यांच्या हाताखालून न गेलेला शिकारी सापडणं मुश्कील. चर्चच्या तळघरात ते बंदुकीचा वर्ग घेत, तोही दारू न भरलेल्या खोट्या काडतुसांवर. मैदानावर मात्र खऱ्या काडतुसांत गुपचूप एखादं खोटं सरकवायचे. बंदुकीच्या आवाजाच्या धास्तीने जो चाप ओढण्याआधीच दचकायचा, त्याची चोरी तिथल्या तिथे पकडली जायची.

आज शिकारीला आल्यावर तीच काडतुसं त्यांची मुलगी नोरीन त्यांच्याच बंदुकीत भरत होती. सगळी खोटी. गारठ्याने तुमची बोटं आखडलीत, मी भरते, असं ती म्हणाली आणि त्यांना ते पटलं. डोकं हल्ली त्यांना साथ देत नव्हतं. कधीकधी तिचं नावही आठवायचं नाही. शिकारीचा हंगाम त्यांच्याकडून हिसकावून घ्यायचा तिला धीर नव्हता आणि भरलेली बंदूक हाती द्यायचा तर त्याहून नव्हता.

उतारावर एल्क जातीचं मोठं हरीण आलं. बाबांनी नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. नुसतं खट् झालं. नेम तसूभर हलला नाही. एल्क रमतगमत झाडीत गेलं.

बाबांनी काडतूस बाहेर काढायला बंदुकीचा बोल्ट, म्हणजे खटका, मागे खेचला. बर्फात पडलेलं काडतूस उचलून त्याच्या अंगावरचं भोक चाचपलं. खऱ्याखोट्याची गल्लत होऊ नये म्हणून ते त्यांनीच पाडलेलं होतं. मग उरलेलीही काढून पाहिली.

"तू भरलीस ही?"

"हो."

"का गं पोरी?"

थाप शोधायला तिच्याकडे अख्खं वर्ष होतं, पण आता एकही सुचेना. "गेल्या हंगामात तुम्ही माझ्यावर नेम धरला होतात, बाबा. डोक्यावर शिकाऱ्यांची भडक नारिंगी टोपी होती माझ्या, लांबूनही दिसणारी. तरीही."

ते ओंडक्यावर मटकन बसले. बंदूक रिकामी असली तरी माणसाकडे वळवायची नाही, हे त्यांनी खोऱ्यातल्या शेंबड्या पोरांनासुद्धा घोकवून शिकवलं होतं.

"चाप ओढला होता मी?"

ओढला होता. त्या दिवशी काडतुसं चढवायलाच ते विसरले होते, म्हणून ती आज जिवंत होती. तो रिकामा आवाज वर्षभर तिचा पिच्छा सोडत नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "मला ओळखून लगेच बंदूक खाली घेतलीत."

"ओळखलं ना मी तुला," असं म्हणत त्यांनी उघडी बंदूक तिच्या हातात दिली आणि ते रडायला लागले.